कात्रणाचा वरचा कोपरा

दोंडाईचा, मंगळवार, संध्याकाळ

भाचीला कॉलेजसाठी घरगुती औषधांवर लिहायचंय, म्हणून तिने माझी कात्रणांची वही मागितली. चाळताना म्हणाली, "मावशी, हे कुणी लिहिलंय? कधीचा पेपर? सर विचारतील." मला सांगता येईना. इतकी वर्षं वाचते, पण कापताना तारीख कधी ठेवली नाही.

आज वाचनालयात जुने अंक काढून बसले. साखर मुळापासून घालवणाऱ्या चूर्णाचं ते पान सापडलं. ह्यांना मीच वाचून दाखवलं होतं, आणि ह्यांनी इंजेक्शन बंद केलं. तिथल्या अंकात वरच्या कोपऱ्यात बारीक छापलं होतं, 'जाहिरात'. माझ्या कात्रणाला तो कोपरा नाही. वहीत बसावं म्हणून मीच कापला. तेव्हा वाचला होता का? आठवत नाही. छापलेलं ते खरं, एवढंच मला ठाऊक.

गेल्या महिन्यात शेजारच्या सुमनने नवऱ्यासाठी तेच उतरवून नेलं. "अक्का, तुमनी वही म्हणजे आमना डॉक्टरच शे," म्हणाली होती. मी हसले होते.

वाचनालयातून थेट तिच्याकडे गेले. बंद कर म्हटलं.

"पण त्यास्ले आराम शे, अक्का."

ह्यांनाही, ती आबा म्हणते त्यांना, आधी आराम होता, ते सांगितलं. मग कोपऱ्याचंही सांगितलं. तिने उठून चूर्णाचा डबा माझ्यापुढे ठेवला आणि हळूच विचारलं, "मंग आबा त्यानामुळेच ग्यात का?"

मी हो म्हटलं. ते गेल्यापासूनच्या चार वर्षांत पहिल्यांदा.