इराच्या निबंधातलं रान

सिंगापूर, १२ ऑक्टोबर २०१४

तीर्थस्वरूप दादांना श्रीनिवासचा साष्टांग नमस्कार. वहिनींचा गुडघा आता जिना चढू देतो का, तुमची साखर आटोक्यात आहे का, ते कळवा. आम्ही सुखरूप आहोत, म्हणजे चार हजार शब्दांच्या निबंधात सापडलेलं कुटुंब असू शकतं तितपत. आजवर त्या निबंधाला लागलं ते असं: तीन रविवार, माझे चामड्याचे बूट आणि साधनाचा चार दिवसांचा अबोला. (निबंध अजून अपुराच आहे.)

इराचा विषय, सुरुवातीच्या अमेरिकन साहित्यातलं रान आणि त्याचा अर्थ. ती सांगते, समुद्र ओलांडून आलेल्या पहिल्या गोऱ्यांना रान म्हणजे सैतानाचं घर वाटायचं. त्यांच्या गोष्टींत संध्याकाळी आत गेलेला माणूस सकाळी शेजाऱ्यांवरचा विश्वास घालवून बाहेर यायचा. पुढे त्यांच्याच नातवंडांना तेच रान देवळासारखं वाटू लागलं. मी म्हटलं, झाडं तीच, मत तेवढं बदललं. पण तिथे आधीपासून राहणाऱ्यांना कुणी विचारलं का? तिने वही उलटून दाखवली. तोच निबंधाचा तिसरा भाग होता म्हणे. (पंचवीस वर्षं लोकांचे एसी दुरुस्त करणाऱ्याला एवढं कळतं, की कुणाच्या घरात शिरताना आधी बेल वाजवावी.)

इथेच थांबायला हवं होतं. पण तिच्या शाळेतल्या बाईंना प्रत्यक्ष अनुभव हवा, म्हणून दोघी मायलेकींना बुकित तिमाहच्या राखीव जंगलात नेलं. दादा, त्या रानाला पायऱ्या आहेत, कठडे आहेत, आणि स्वच्छतागृह किती मीटरवर आहे याची पाटी आहे. सैतान आला तरी पाटी वाचून रांगेत उभा राहील. मी ‘मला जवळची वाट कळते’ म्हणून दोघींना चिखलात घातलं, तिथे बूट गेले आणि साधना घसरली. वर इरा म्हणते, “बाबा, धिस इज अ पार्क, लाह.” (‘लाह’ हे इथल्या इंग्रजीचं शेपूट, आपल्या ‘ना’सारखं.)

ते मला लागलं. मी सांगून टाकलं, की सातव्या वर्षी मी रोज एकटा चार मैल रान तुडवत शाळेत जायचो, गव्यांना वाट द्यायचो, एकदा तर अस्वलही आडवं आलं होतं. तिने सगळं लिहून घेतलं.

माझे कान तिखट, तुम्हाला ठाऊकच आहे. गुरुवारी दाराआडून ऐकलं, ती मैत्रिणीला सांगत होती, की पुस्तकातली माणसं रानातून मोडून बाहेर आली, माझे बाबा तेवढे घडून आले. दादा, माझ्या धंद्याबद्दल ही मुलगी मैत्रिणींत आजवर अवाक्षर काढत नव्हती. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आता बाई म्हणतात, ही मुलाखत वापरायची तर घरातल्या दुसऱ्या कुणाचा तरी दुजोरा हवा, नाहीतर तो भाग काढा.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा
श्रीनिवास

ता. क. फोन केला नाही, कारण इराचे कान माझ्यावर गेलेत. आमच्या कंपनीतला प्रबोध दिवाळीला बेळगावला निघालाय, त्याच्या हाती हे पत्र. येत्या रविवारी सकाळी इरा तुम्हाला फोन करेल. रान दाट होतं एवढं सांगा. अस्वलाचं तुमच्या मनावर.

ता. क. २ ती अंतर विचारेल. तेवढं टाळा. चौथीपर्यंतची शाळा आपल्याच ओसरीवर भरायची.