वेशीवरचा दरवान

सोमवार, ता. ३
जिंकला वर्ग! चौथीची चाळीस पोरं, एकाचीही चुळबुळ नाही. नवी मुलगी परमुलखातून आल्यापासून कुणी तिच्या शेजारी बसत नाही, तिच्या बोलण्याला हसतात — म्हणून मुद्दाम गोष्ट रचली. एक परकी बाई पोटापाण्यासाठी वेशीवर येते. दरवान अडवतो. ती नुसती रडते. शेवटी गावाला चूक उमगते. दरवानाचं भाषण असं ठणकावलं — "तुझी बोली वेगळी, तुझा वास वेगळा, फिर मागे!" — की शेजारच्या वर्गातले गुरुजी डोकावून गेले. घरी सासूबाई म्हणाल्या, "तोंड आहे की तोफखाना?" असू दे तोफखाना!

बुधवार, ता. ५
मुलं मधल्या सुट्टीत माझी गोष्ट खेळतात!

गुरुवार, ता. ६
आज जिन्यावरून खेळ पाहिला. सगळेच दरवान. भाषण शब्दन् शब्द पाठ, माझे हातवारेसुद्धा. वेशीबाहेर एकटी ती नवी मुलगी. वर्गाचा म्होरक्या — त्याला सगळे कप्तान म्हणतात — म्हणाला, "शेवटात मजा नाही बाई. दरवान भारी आहे!"
खेळ बंद केला. उशिराचं शहाणपण.

मंगळवार, ता. ११
शुक्रवारपासून ती येत नाही. मुख्याध्यापक: "शनिवारपर्यंत आली नाही, तर पटावरून नाव कमी करावं लागेल. नसती उठाठेव सांगितली होती कुणी, बाई?"

बुधवार, ता. १२
तिच्या घरी गेले. एकच खोली. वडील फरशा बसवायला गेलेले. ती आतून बाहेर आलीच नाही. आई दारात शिवण घेऊन बसलेली. मी बोलत सुटले — शिक्षण, हक्क, माणुसकी. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "छान बोलता हो तुम्ही. पोरगीही हुबेहूब बोलून दाखवते. 'तुझा वास वेगळा.' आणि आंघोळीला जाते. दिवसातून तीन-तीनदा."
परत कशी आले, आठवत नाही.

गुरुवार, ता. १३
शब्दानं माणूस बदलतो, असं जन्मभर व्यासपीठावरून गरजले. बदलतो! तेच तर झालं. चांगुलपणाला मी चार मिळमिळीत वाक्यं दिली आणि द्वेषाला सगळा आवाज. टाळी कुठे पडते, हे जिभेला पक्कं ठाऊक. इतकी पुस्तकं वाचली — कुठे गेली?

शुक्रवार, ता. १४
वर्गात भाषण नाही केलं. एवढंच सांगितलं — उद्या तिचं नाव जाईल, आणि ते माझ्या गोष्टीमुळे. आंघोळीचं नाही सांगितलं. कप्तान नखं कुरतडत बसला. संपलं.

शनिवार, ता. १५
आली!! कप्तान आणि चौघीजणी सकाळीच तिच्या दारात जाऊन बसले होते. तिने अट घातली — खेळ पुन्हा सुरू करायचा आणि दरवान ती.
"मग बाहेरचं कोण?" मी विचारलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले.
"तुम्ही, बाई."
वर्गाबाहेर जाऊन उभी राहिले. तिने हात आडवा धरला. भाषण नाही केलं. माझ्या दरवानाने कधी विचारलंच नाही, ते विचारलं — "का आलीस? बोल."
तोंड उघडलं. शब्द नाही. त्या परक्या बाईला मी एकही वाक्य दिलं नव्हतं.