त्र्यंबक, माझं नाव सांग

१२ ऑगस्ट २००१, नोव्हाय (डेट्रॉइटजवळ)

काय गं वही, परवा सांगितलेलं आठवतंय का? नाही ना! तू पण आमच्या ह्यांच्याच वळणाची.

हे लायब्ररीतून गाड्यांची पुस्तकं आणतात. जेवताना तेच – कुठल्या गाडीला कुणाचं नाव. कॅडिलॅक म्हणजे किल्ला बांधून डेट्रॉइट वसवणारा फ्रेंच माणूस – घराण्याचं मोठं नाव त्यानं आपलं आपणच लावून घेतलं. पॉन्टियाक म्हणजे त्याच किल्ल्याला वेढा घालणारा इथला मूळचा सरदार. हरला बिचारा.

नातसून हिमानी – मला अक्षर येत नाही, हे सगळं तीच लिहून घेते – तिनं लग्नात नाव बदललं नाही. तिनं विचारलं, आजी, तुमचं माहेरचं नाव काय? मी ह्यांच्याकडे बोट केलं. ह्यांनीच ताटातल्या तांदळांत अंगठीनं नवं नाव काढलं होतं, सुहासिनी. जुनं पुसलं ते त्याच दिवशी.

हे भात कालवत राहिले. "आठवेना बुवा."

हरलेल्या सरदाराचं नाव पाठ. आणि माझं? बघतेच.

१३ ऑगस्ट

थालीपीठ बंद. नाव हिमानीलाही सांगितलेलं नाही – फितूर होईल. हसतेय, पण लिहितेय मुकाट.

१८ ऑगस्ट

रस्त्यावर जुन्या गाड्यांची मिरवणूक. हे इथल्या मराठी मंडळातल्या लोकांना जमवून पॉन्टियाकची कथा सांगत होते. पन्नास वर्षांत मी ह्यांचं नाव उखाण्याबाहेर घेतलेलं नाही. आज घेतलं. सगळ्यांदेखत.

"त्र्यंबक, सरदाराचं पुरे. माझं नाव सांग."

शेजारच्या रेखाताईंचा चहा ओठाशीच थांबला. ह्यांचे कान लाल! काय गार वाटलं म्हणून सांगू.

२२ ऑगस्ट

रोज चालू आहे. त्र्यंबक, ऊठ. त्र्यंबक, तुझी कवळी. काल पुण्याच्या फोनवर लेकीसमोरही. हे बेसमेंटमध्ये जाऊन बसतात. बसू दे.

२४ ऑगस्ट

आज जेवायलाही वर आले नाहीत. मी नाही बोलावलं.

२५ ऑगस्ट

सकाळी ओट्यावर ताट. तांदूळ पसरलेले, त्यात बोटानं काहीतरी काढलेलं. हे खाली पसार. मला कुठं वाचता येतं! हिमानीला हाक मारली.

"कांचन," ती म्हणाली. "आजी, कांचन कोण?"

असं दिसतं होय.

ताट कुणी हलवायचं नाही. आणि हिमानी, लिहिणं पुरे – त्र्यंबकला खाली थालीपीठ पाठव. गरम. वर लोण्याचा गोळा, मोठा.