नमुन्याची बरणी

ओटावा, ९ फेब्रुवारी २००९

तीर्थरूप बाबांस,
ओरिसियाचा सा. न. वि. वि.

तुम्ही मागितलेले सरकारचे युद्धाचे दोन्ही अहवाल पाठवते आहे, गेल्या वसंतातला आणि हा ताजा. वाचून झाले की चूल पेटवायला घ्याल हे ठाऊक आहे, पण आधी पान नऊ बघा. आपली फौज सांभाळते त्या भागात शाळा भरणारी गावं चारावरून एकोणीस झाली! संसदेच्या समितीत आमच्या सरकारपक्षाच्या बाकांवर नुसता आनंदीआनंद आहे. महिनाअखेरीला मंत्री समितीपुढे येणार, आणि पहिला प्रश्न मला दिलाय. खासदार होऊन सहा महिने नाहीत झाले, बघा तुमची पोरगी! आपल्या धाकट्या मार्कियानलाही कळवा. फौजेत जाऊन कंदाहारची धूळ खाल्ल्याचं काही चीज झालं म्हणायचं.

बर्फ उपसायला शेजारच्यांना सांगा, गुडघ्याशी हट्ट नको. माया आहे तशीच राहू द्यावी.

तुमची,
ओरिसिया

कानोरा, १६ फेब्रुवारी

चि. ओरिसियास,
अनेक आशीर्वाद.

बर्फ मीच उपसला. तू ओटावात खासदार, इथे राज्य माझं.

दोन्ही अहवाल टेबलावर शेजारी शेजारी मांडून वाचले. पोरी, नीट बघ. जुन्यात लिहिलंय, आपल्या जवानांच्या पहाऱ्याशिवाय शाळा भरते अशी गावं चार. नव्यात लिहिलंय, शाळा भरते अशी गावं एकोणीस. पहाऱ्याची अट गेली कुठे? त्याबद्दल अवाक्षर नाही.

एकतीस वर्षं मी धान्यकोठारावर गव्हाची प्रत ठरवली. खिडकीत नमुन्याची बरणी असायची. ट्रकमधला मूठभर गहू तिच्याशेजारी धरायचा आणि प्रत सांगायची. भिजल्या पिकाच्या वर्षी लोक शिव्या घालायचे. तेव्हा वरच्या साहेबाने हलक्या गव्हाची दुसरी बरणी धाडली. म्हणाला, हिच्याशी ताडून बघ, सगळ्यांचा गहू पहिल्या प्रतीचा निघेल. त्या बरणीतला गहू मी कोंबड्यांना घातला. तुझ्या मंत्र्यांनी बरणी बदललीय आणि तू टाळ्या पिटतेस! राग आलाय मला, लपवत नाही. तरी आशीर्वाद कमी केलेले नाहीत.

तुझा,
बाबा

ओटावा, २४ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न.

पत्र वाचून तोंड लपवावंसं वाटलं. आम्ही बारा जण समितीत, आणि एकाच्याही ध्यानात येऊ नये! आमच्या प्रतोदांना दाखवलं. ते गोड हसून म्हणाले की लिहून दिलेलाच प्रश्न विचारायचा, नाहीतर समितीतली खुर्ची दुसऱ्याला मिळेल. वर म्हणाले, सख्खा भाऊ तिकडे जीव धोक्यात घालतोय आणि बहीण त्याच्या कामाला नावं ठेवतेय, लोक काय म्हणतील!

खुर्ची गेली तर जाऊ दे बाबा, पण हे दुसरं काळजात रुतलंय. मार्कियानला काय वाटेल? मंत्री उद्याच येताहेत, त्याला विचारायलाही सवड नाही. मी पहाऱ्याच्या अटीबद्दल विचारणार आहे. तो रुसलाच तर समजूत तुम्ही काढा. काल नीट जेवलेही नाही. असाच रागावत राहण्याइतका जीव माझ्यावर असू द्या.

ओरिसिया

कंदाहार, २७ मार्च

ती. ताईस,
मार्कियानचा नमस्कार.

समितीतल्या प्रश्नोत्तरांचा कागद बाबांनी धाडला. जेवणाच्या तंबूत मी तो मोठ्याने वाचला. अट काढून फक्त मांडणी सोपी केली, असं मंत्री म्हणतात तिथे सगळे असे हसले की स्वयंपाकी पळी घेऊन धावत आला.

ताई, त्या एकोणिसांतल्या एका शाळेच्या दारात मी रोज उभा असतो. बावीस मुली येतात. मागे आम्ही तीन दिवस दुसरीकडे गेलो, तर तिन्ही दिवस दाराला कुलूप. एकोणीस हा आकडा वाचून वरच्यांनी आमची तुकडी इथून हलवायचं ठरवलं होतं. तुझ्या प्रश्नानंतर तो हुकूम थांबलाय. नावं कसली ठेवलीस? माझ्या मनातलं बोललीस. एवढा अभिमान वाटला की डोळ्यांत पाणी आलं, आणि सांगितलं धूळ गेली म्हणून.

खुर्ची काढून घेतली म्हणे! बरं झालं, बसून बसून जाडच होत होतीस. धाकट्याला विसरू नये.

मार्कियान

कानोरा, १५ जून

चि. ओरिसियास,
खूप खूप आशीर्वाद.

सोबतच्या पार्सलात माझी जुनी बरणी आहे. टेबलावर ठेव. गहू तीस वर्षांचा आहे, शिजवायला जाऊ नकोस. तुझा काही नेम नाही.

नवा अहवाल मिळाला. पहाऱ्याची अट परत आलीय आणि गावं उरलीत तीन. मार्कियानचं गाव त्यात नाही, म्हणून तो अजून त्या मुलींच्या दारात उभा आहे. जीव खालीवर होतो माझा, पण ये म्हणवत नाही.

रविवारी चर्चच्या तळघरात बटाटा भरून पिरोगी वळायला सगळे जमले होते. तिथे मी पान नऊ एकेकाला दाखवत फिरलो. शेजारचा पाव्हलो म्हणाला, आकडा एकोणिसावरून तिनावर घसरला आणि हा म्हातारा पेढे वाटल्यासारखा काय मिरवतोय! मी म्हटलं, मिरवणारच. एकोणीस कोणीही लिहील. हे तीन माझ्या पोरीने लिहायला लावलेत.

तुझा,
बाबा