अष्टमीचं बेट

६ जाने.
धाकटी डहाणूत सून होऊन आले, तरी समुद्र अजून सासरचाच वाटतो. आम्ही सरावलीचे, भातशेतीतले. माझा नवरा रमेश पुन्हा त्या बेटावर जाऊन आला. पांढरी दांडी म्हणतात त्याला. खाडीच्या तोंडातून बाहेर, बरंच आत. म्हणे एका बाजूला नुसता शिंपल्यांचा चुरा, दुसरीकडे काळा खडक, त्यावर कालवं. लाल चोचीचे काळे-पांढरे पक्षी ती फोडून खातात. असं रंगवून सांगतो की ऐकत राहावं. फोनच्या नकाशात मात्र तिथे निळं पाणी.

१० जाने., अष्टमी
दुपारी आला. "बेटावर होतो. आज पक्षी पार पायाशी आले." पँट कोरडी. आणलेली कालवं सोललेली, बाजारात बायका देतात तशी.
सासूबाई बोंबील उलटत होत्या. त्यांना सहज सांगितलं, तर हसल्या. "आज आठम ना गो? भांगाचं पाणी, ओहोटी कमी. दांडी उघडते ती अमावस-पुनवेला. आज नाय उघडायची." मग एकदम थांबल्या. "मी म्हातारी, काय पण बोलते."
शेतकऱ्याची पोर, हिला पाण्यातलं काय कळतंय, असंच धरून चालला होता ना?

१३ जाने.
उद्या संक्रांत. तीळ भाजता भाजता विचारलं, "मला नेशील बेटावर?"
"अमावास्येला जाऊ." लगेच म्हणाला. इतक्या लगेच का? सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, त्याने पाहिलं नाही. मायलेकांचं काहीतरी ठरलंय. दुसरी कोणी... लिहायची भीती वाटत होती. लिहिलं.

१८ जाने., अमावास्या
सकाळीच गेलो. बेट आहे. पाणी उतरलं तसा आधी खडक, मग पांढरा उंचवटा. पक्षी, लाल चोची, सगळं त्याने सांगितलं तसंच. मला रडूच आलं. खोटं निघालं असतं तर बरं झालं असतं. थापा मारायची सवय म्हणून सोडून दिलं असतं.
"अष्टमीला कुठे होतास?"
"इथेच."
"इथे तेव्हा पाणी होतं."
त्याने माझ्याकडे पाहिलं. वाटलं, आता सांगतोय.
"भरती लागली. चल." होडीत चढून हात पुढे केला.
मी तशीच उभी. पायाखालचे शिंपले भिजायला लागले, तेव्हा हात धरला. होडी एकच होती.