लिंबावरून

नाशिक, १२ जानेवारी १९८२

डोकं उठलंय नुसतं! पाळीत अंगावरून फार जातं, रक्त कमी झालंय, म्हणून डॉक्टरबाईंनी गोळ्या दिल्या. वर म्हणाल्या, "पालेभाजीवर लिंबू पिळत जा. नवीन संशोधन आहे, त्यानं भाजीतलं लोह अंगी लागतं." घरी कशाला बोलले मी? सासूबाई कडाडल्या, "आंबटानं अजून जाईल! पाळीत लिंबू खातं का कुणी?" हे म्हणाले, "आई, डॉक्टरांना कळतं." झालं! दोघांचं तासभर लिंबू एके लिंबू. मला कुणी विचारलंच नाही. भांडता भांडता दोघांची जेवणं झाली, मुलांचीही. सगळ्यांना वाढून मी पान घेतलं, तर मेथीची कढई पुसून काढलेली.

लिंबू तेवढं अख्खं होतं.