माश्यांचं विरजण आणि बागेतला माझा निम्मा हिस्सा

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, अविवाहित, दूध डेअरीच्या प्रयोगशाळेतून निवृत्त, पूर्ण शुद्धीवर आणि पुरेशा रागात हे लिहून ठेवते. म्हातारीची बुद्धी फिरली होती असं धाकट्या भावाला कोर्टात म्हणता येऊ नये, म्हणून डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहतं घर माझ्या कमाईचं आहे. ते डेअरीतल्या माझ्या मैत्रिणीला द्यावं. भावाने त्यातलं स्टूलसुद्धा उचलू नये.

२. सूक्ष्मदर्शक शाळेला. काच रुमालाने पुसू नये.

३. मधमाश्यांच्या चौदा पेट्या आणि फ्रिजमधल्या निळ्या झाकणाच्या बाटल्या. याबद्दल नीट सांगायला हवं. भावाचं कीटकनाशकांचं दुकान आहे आणि बाग आम्हा दोघांच्या नावावर निम्मी-निम्मी. तीन वर्षांपूर्वी त्याने ऐन फुलोऱ्यात, भर सकाळी फवारणी केली. पेट्यांसमोर माश्यांचा सडा पडला. एकच पेटी तगली. तिच्यातल्या माश्यांच्या पोटातले जिवाणू मी वेगळे काढून बाटलीत वाढवले. जन्मभर विरजणं सांभाळलेली बाई मी, तेवढं मला येतं. हे जिवाणू माशीच्या पोटात विष फोडतात. साखरेच्या पाकातून ते नव्या पेट्यांना पाजले आणि पुढच्या फुलोऱ्यात बऱ्याच माश्या वाचल्या.

भाऊ बघायला आला. मला वाटलं, माफी मागेल. तो म्हणाला, "ताई, आता माश्यांना औषध मिळालं ना? मग मी फवारायला मोकळा."

आणि त्याने खरोखर दुप्पट फवारलं. जिवाणू थोड्या विषाला पुरतात, पिंपभर विषाला नाही, हे त्याला चारदा सांगितलं. त्याच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही.

४. भावजय. गेल्या वर्षी मी अंथरुणात असताना तिने पेट्या सांभाळल्या. घाईत विरजण उकळत्या पाकात ओतलं. त्यातले सगळे जिवाणू मेले, मागोमाग फवारणीत सहा पेट्या गेल्या. कोणाला कळलंही नसतं. तीच येऊन म्हणाली, "वन्सं, माझ्या हातून झालं." मी महिनाभर तिला घालूनपाडून बोलले. तरी ती रोज येते, बाळाचं दूध बघावं तसा पाकाचा थेंब मनगटावर घेते, मगच विरजण घालते. नवऱ्याने मना केलं तरी येते.

५. या कागदाचे आधीचे दोन खर्डे मी फाडले. दोन्हींत बाटल्या मोरीत ओतायला सांगितलं होतं, भावाच्या हाती लागू नयेत म्हणून. पण मेल्या असत्या माश्या, त्याचं काय वाकडं झालं असतं? म्हणून पेट्या आणि बाटल्या भावजयीला. बागेतला माझा निम्मा हिस्साही एकट्या तिलाच. विहीर आणि पंप माझ्या निम्म्यात येतात. फवारणीचं पाणी तिथूनच भरतात.

लग्नाला एकतीस वर्षं झाली, त्याने तिला कधी काही विचारलेलं नाही. आता पंप सुरू करण्याआधी विचारावं लागेल. भावजये, विचारायला आला की लगेच उत्तर देऊ नकोस. उभा राहू दे.

वरचा शब्द न् शब्द माझा आहे, कोणी सांगून लिहवलेला नाही.

सही: भावाची थोरली बहीण

साक्षीदार: १. डॉक्टरीणबाई २. पेट्या बनवणारे सुतारकाका

स्थळ: माझं स्वयंपाकघर
दिनांक: १९ जानेवारी, फुलोऱ्याला तीन आठवडे बाकी